ओठांवरचं बोलणं

आई-अण्णांच्या लग्नातल्या फोटोत अण्णांना भरघोस मिशी आहे. त्यांना मिशीत पाहिल्याचं मला मात्र आठवत नाही. मी चार-पाच वर्षांची असताना आईला क्षय झाला. बरेच महिने रोज इंजेक्शनं चालली. छाती बरी झाली, पण त्या औषधानं तिचे कान गेले. आधी कानात भुंगा फिरल्यासारखं वाटायचं, मग दारावरची थाप ऐकू येईना, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत फटाकेसुद्धा तिला नुसते दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच मोठं समजा.

आई अण्णांच्या तोंडाकडे बघून ते काय बोलतात ते ओळखू पाहायची. पण वरचा ओठ मिशीखाली दडलेला असल्यामुळे तिला जमेना. मग एका रविवारी अण्णा न्हाव्याकडे जाऊन मिशी उतरवून आले. आमच्यात वडील हयात असताना मुलगा मिशी काढत नाही. आजोबांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं म्हणे, बरेच दिवस. अण्णांनी त्यावर काही सांगितलं नाही, समजूत घातली नाही. ही गोष्ट मला आईनं सांगितली, आणि सांगताना ती लाजली होती.

आमचं घराणं बंगळूरमध्ये किती पिढ्यांचं, ते घरात कुणाला नीट सांगता यायचं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आई मात्र कोल्हापूरकडची. लग्न होऊन आल्यावर ती कन्नड कानानं शिकत होती, ते शिक्षण अर्ध्यावरच राहिलं. त्यामुळे तिला ओठ वाचता येत ते फक्त मराठी बोलणाऱ्यांचे. दूधवाला, भाजीवाली, शेजारच्या अक्का यांच्यापुढे ती नुसती हसून मान हलवायची. तिच्यासाठी बोलण्याचं सगळं जग आमच्या घरापुरतं उरलं होतं, आणि घरातही खरं तर अण्णांपुरतं. मी आणि माझा मोठा भाऊ भरभर बोलायचो, बोलता बोलता मान फिरवायचो. अण्णा तसं कधी करत नसत. तिच्याशी बोलायचं असलं की ते खिडकीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येई. संध्याकाळी वीज गेली की मेणबत्ती हातात घेऊन हनुवटीपाशी धरायचे आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचे.

अण्णा सरकारी कन्नड शाळेत विज्ञान शिकवत. सगळे त्यांना मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, म्हणायचे. आवाज असा, की शेवटच्या बाकावरची मुलंही जागी राहायची. मी नववीत त्यांच्याच वर्गात होते. एकदा ते प्रयोगशाळेतून काचेची मोठी हंडी घेऊन आले. आत विजेची घंटा टांगलेली, खाली हवा काढायचा हातपंप. घंटा सुरू केली आणि दोन मुलांना पंप मारायला लावलं. आवाज हळूहळू बारीक होत जवळजवळ नाहीसा झाला. घंटेवर आपटणारा दांडा तर तसाच दिसत होता, पूर्वीइतक्याच जोरानं आपटत होता. वर्ग चिडीचूप झाला. माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, "सार, आवाज कुठं गेला?"

"कुठं गेला नाही," अण्णा कन्नडमध्ये म्हणाले. "घंटा थरथरते आहे. ती थरथर बाहेर आणायला हवा नाही, एवढंच."

"आणि हवा आहे, पण ऐकायला कुणीच नाही, असं असलं तर?" तिनं पुढे विचारलं.

अण्णांनी पंप मारणाऱ्या मुलांना हातानं थांबवलं. "पुस्तकाप्रमाणे आवाज आहे. परीक्षेत तेच लिहा," असं म्हणून त्यांनी पंपाची झडप उघडली. हवा आत शिरली आणि घंटा पुन्हा खणखणायला लागली.

आम्ही बरोबरच चालत घरी यायचो. त्या दिवशी वाटेत मी त्यांना विचारलं, "पुस्तकाप्रमाणे नको, तुमच्याप्रमाणे सांगा."

ते म्हणाले, "माझं काय वेगळं असणार?"

"मग आईशी तुम्ही आवाज काढून का बोलता? तिला तर नुसते ओठ हलवले तरी पुरे."

या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्याकडे तयार होतं. "नुसते ओठ हलवले की तोंड खोटं हलतं. आवाज काढला की ते बरोबर हलतं. तुझ्या आईला फरक लगेच कळतो. करून बघ एकदा."

घरी गेल्यावर मी करून बघितलं. आवाज न काढता आईला म्हटलं, भूक लागली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाटकं कशाला करतेस? नीट बोल."

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना अण्णांचा घसा बसला. सुरुवातीला सगळ्यांनीच खडूच्या धुळीला दोष दिला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. आवाज फाटत गेला. आईला अर्थातच यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण पहिल्यांदा ओळखलं तिनंच. एक दिवस ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "ह्यांना बोलायला जोर लावावा लागतोय. मानेच्या शिरा बघ." मग मी बघितलं. खरंच, प्रत्येक वाक्याला शिरा ताणल्या जात होत्या.

तपासण्या झाल्या. गाठ स्वरयंत्रावर होती आणि ती बरीच पसरलेली होती. विडी नाही, तंबाखू नाही, कधीमधी तपकीरसुद्धा नाही. डॉक्टर आमच्याशी इंग्रजीत आणि अण्णांशी कन्नडमध्ये बोलत होते. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि समजावून सांगितलं, की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वासनलिका गळ्यापुढे भोक पाडून तिथं जोडतील, आणि इथून पुढे श्वास त्या भोकातून चालेल.

अण्णांनी चित्र आपल्याकडे ओढून घेतलं. "म्हणजे छातीतली हवा तोंडात येणारच नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, मेष्ट्रे."

"सरी, ठीक," अण्णा म्हणाले, आणि चित्राचा कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

भाऊ पुण्याला नोकरीला होता. तो ऑपरेशनसाठी रजा काढून आला आणि येताना कोऱ्या कॅसेट घेऊन आला. त्याला अण्णांचा आवाज भरून ठेवायचा होता. मलाही ते पटलं होतं. आम्ही टेपरेकॉर्डर त्यांच्यापुढे ठेवला आणि काहीतरी बोला म्हटलं. अण्णांनी टेपरेकॉर्डरकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "कुणासाठी?" त्यांनी फाटक्या आवाजात विचारलं.

"आमच्यासाठी," भाऊ म्हणाला. "आईसाठी."

"तिला कॅसेटचा काय उपयोग?" ते म्हणाले, आणि उठून आईला हाक मारायला, म्हणजे तिच्या खांद्याला हात लावायला आत गेले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ते दोघं मागच्या दारात बसले होते, पायऱ्यांवर. मी आत तांदूळ निवडत होते. अण्णा बोलत होते आणि मी ऐकत होते. मला वाटलं होतं ते काही मोठं, लक्षात राहावं असं बोलतील. ते बोलत होते नारळाच्या झाडाबद्दल. त्याला या वर्षी मीठ घातलं नाही, ते घालायला हवं. मग म्हणाले, पावसाच्या आधी न्हाणीघराचं कौल बदलायला पाहिजे. मग आईच्या माहेरच्या एका म्हशीची आठवण निघाली, ती म्हणे त्यांच्या लग्नाच्या मांडवात शिरली होती, आणि दोघंही खूप हसले. त्या हसण्यात अण्णांचा आवाज दोनदा तुटला. आईला ते कळायचं कारण नव्हतं. ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत हसत होती. ऊन उतरेपर्यंत ते बोलत राहिले. भावानं खिडकीतून मला खूण करून विचारलं, भरून घेऊ का गुपचूप? मी नको म्हटलं.

ऑपरेशन मोठं होतं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, गळ्यावर पट्ट्या आणि मधोमध ते भोक. त्यातून श्वास येताजाताना सूं सूं वाजायचं. परिचारिकेनं त्यांच्या हातात पाटी-पेन्सिल दिली होती. गुंगीत अक्षर लागत नव्हतं. त्यांनी काहीतरी लिहिलं, ते मला वाचता येईना. मग ते आमच्याकडे बघून ओठ हलवायला लागले. मी वाकून बघितलं, भावानं बघितलं, परिचारिकेनं बघितलं. तिनं विचारलं, "नीर बेका सार? पाणी हवं?" अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा ओठ हलले. दुखतंय का, डॉक्टरांना बोलावू का, सगळं विचारून झालं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

आई तोवर दाराबाहेर होती. एका वेळी दोघांनाच सोडत होते. भाऊ बाहेर गेला आणि ती आत आली. कॉटजवळ येऊन उभी राहिली आणि तिनं नेहमीसारखं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. अण्णांचे ओठ हलले.

"नारळाला मीठ? तुम्ही इकडे आल्यावर लगेच घातलं की," आई म्हणाली. बहिऱ्या माणसांचा असतो तसा तिचा आवाज जरा मोठा आणि एकसुरी होता. साऱ्या वॉर्डात ऐकू गेलं.

परिचारिका हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. "यांना कसं कळलं?" तिनं मला कन्नडमध्ये विचारलं. "ऐकू येत नाही ना यांना?" मी सांगायला गेले आणि मला रडूच फुटलं. आई मात्र अण्णांना रागावत होती. "असं ओढून ओढून बोलू नका. तोंड वेगळंच हलतंय तुमचं. नेहमीसारखं बोला."

अण्णांनी नेहमीसारखं बोलायचा प्रयत्न केला. म्हणजे आवाज आहे असं समजून. मग तिला सगळं कळायला लागलं.

शाळेत त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. मुख्याध्यापक म्हणाले होते, प्रयोगशाळा सांभाळा, पण अण्णांना ते नको होतं. त्यानंतरची तीन-चार वर्षं आमच्या घरातली सगळ्यात विलक्षण वर्षं होती आणि मी ती दुःखाची म्हणू शकत नाही. जो आला तो आधी आईकडे बघायला लागला. अण्णा ओठ हलवायचे आणि आई त्यांचं बोलणं तिच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात सांगायची. अण्णांचा विनोदही ती तसाच सांगायची, बातमी सांगितल्यासारखा, त्यामुळे तो जास्तच हसवायचा. तिच्यावरची तक्रारसुद्धा ती इमानानं पोचवायची. "ते म्हणताहेत, हिनं आमटीत मीठ दोनदा घातलंय." आणि मग लगेच स्वतःचं, "एकदाच घातलंय." बाजारात अण्णा तिला मराठीत सांगायचे आणि ती भाजीवालीला आपल्या मोडक्या कन्नडमध्ये सांगायची. "स्वल्प कमी माडी", थोडं कमी करा, एवढं तिला चांगलं जमायचं. पूर्वी भाजीवालीपुढे नुसती मान हलवणारी आई आता जे. पी. नगरच्या मंडईत उभी राहून भाव करत होती. तिचं बोलणं वाढलं होतं. दिवसभरात दोघांचं बोलायची ना ती.

लहानसहान गोष्टी अण्णांना येईनाशा झाल्या होत्या. गरम चहावर फुंकर घालता यायची नाही. तोंडातून हवाच येत नाही तर फुंकर कशाची? आई बशीत ओतून, फुंकून पुढे करायची. वास कळायचा नाही, म्हणून दूध उतू गेलेलं समजायचं नाही. हसले तर खांदे हलायचे आणि गळ्यावरच्या रुमालाखालून सूं सूं यायचं. इस्पितळातून त्यांना टॉर्चसारखं एक यंत्र वापरायला दिलं होतं. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं आणि ओठ हलवले की भुंग्यासारखा शब्द निघायचा. अण्णांनी ते आईला दाखवलं. आई म्हणाली, "हात मधे येतोय, तोंड दिसत नाही." यंत्र कपाटात गेलं. दुसरी एक पद्धत होती, हवा गिळायची आणि ढेकर दिल्यासारखी बाहेर काढून त्यावर बोलायचं. त्याचा वर्ग इस्पितळात दर शनिवारी चालायचा. अण्णा थोडे दिवस गेले आणि मग बंद केलं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, पण येईल, सोडू नका. मीही सांगून बघितलं.

अण्णांचे ओठ हलले. आई म्हणाली, "ते म्हणताहेत, मला काही अडत नाही."

मला तेव्हा ते खरं वाटलं. अडत नव्हतंच काही.

मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात लागले होते. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस परत. एक दिवस दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या अक्कांचा फोन आला. आईला बरं नाही, ये, एवढंच त्या म्हणाल्या. कंपनीनं गाडी दिली. होसूर रोडवर लॉऱ्यांच्या रांगेत बसून मी ड्रायव्हरला काही विचारत होते, काय ते आठवत नाही. घरासमोर माणसं दिसली तेव्हा कळलं.

काय झालं ते मला अक्कांनी सांगितलं. आई स्वयंपाकघरात पोळ्या करताना छातीला हात लावून खाली बसली होती. अण्णा समोरच होते. त्यांनी तिला आडवं केलं आणि मदतीला कुणाला तरी बोलवायला ते पुढच्या दारात आले. गल्ली रिकामी होती. हाक मारायला आवाज नव्हता. ते आत गेले, पोळ्यांचं स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन बाहेर आले आणि फाटकापाशी उभे राहून ताट बडवायला लागले. अक्कांना आत ऐकू येत होतं. त्यांना वाटलं, कुणी भांडीवाला आला असेल. बराच वेळ थांबेना म्हणून त्या बघायला बाहेर आल्या, तर मेष्ट्रु. "एनायतु मेष्ट्रे? काय झालं?" त्यांनी विचारलं. अण्णा ओठ हलवत होते, त्यांना काही कळेना. शेवटी अण्णांनी ताट टाकून त्यांचा हात धरला आणि त्यांना ओढतच आत नेलं. आई तोवर गेली होती.

डॉक्टर म्हणाले, लगेच नेलं असतं तरी उपयोग नव्हता, फार मोठा झटका होता. अण्णांनी ते ऐकलं. मला माहीत नाही त्यांना ते पटलं की नाही. आईजवळ बसून ते रडत होते आणि त्याला आवाज नव्हता. गळ्याच्या भोकातून श्वास जोरानं आतबाहेर होत होता, एवढंच. भेटायला आलेल्या एका बाईनं बाहेर जाऊन दुसरीला म्हटलेलं मी ऐकलं, "नवरा रडलासुद्धा नाही."

भाऊ आला, सगळे विधी झाले, तो परत गेला. तो म्हणाला होता, पुण्याला चला दोघंही. अण्णांनी पाटीवर लिहिलं, इथंच बरा आहे. पाटी आता पुन्हा बाहेर निघाली होती.

घरात आम्ही दोघं उरलो. अण्णा बोलायचे आणि मला कळायचं नाही. मी त्यांच्या पुढ्यात बसायचे, उजेडात, आई बसायची तशी. पाणी म्हटलं की बाणी म्हणाले का माणी, ओठ सारखेच मिटतात. क, ग आणि ह तर ओठांवर दिसतच नाहीत. मी आरशापुढे उभी राहून स्वतःचे ओठ बघायचे. चार शब्दांच्या वाक्यातला एक शब्द लागायचा आणि बाकीचं मी अंदाजानं भरायचे. अण्णा पुन्हा पुन्हा सांगायचे, मग हातानं जाऊ दे अशी खूण करायचे आणि पाटी ओढायचे. पाटीवर माणूस गरजेचंच तेवढं लिहितो. म्हशीची गोष्ट कुणी पाटीवर लिहीत नाही. हळूहळू आमच्यात चहा, औषध, गॅस संपला, किती वाजता येशील, एवढंच बोलणं राहिलं.

सकाळी मी बससाठी निघताना मागच्या दारी डोकावले की ते पायऱ्यांवर बसलेले दिसायचे. कधी कधी त्यांचे ओठ हलत असायचे. ते आईशी बोलत होते की जुनी सवय होती, ते मी विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात ते आपण होऊन शनिवारच्या वर्गाला जायला लागले. दोन बस बदलून जायचे. तिथं शिकवणारे गृहस्थ स्वतः ऑपरेशन झालेले होते आणि कन्नडमध्ये छान बोलायचे, घोगरं पण स्पष्ट. घरी अण्णा पहाटे उठून सराव करायचे. हवा गिळायची, बाहेर काढायची. पा, टा, का. बहुतेक वेळा नुसतीच ढेकर यायची आणि ते वैतागायचे. पूर्वी शिकले असते तर सोपं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता वयही झालं होतं आणि मनाला उभारीही नव्हती.

एका रविवारी मी जेवायला वाढत होते. भात वाढला, अजून एक डाव घातला.

"साकु," अण्णा म्हणाले.

पुरे. आमच्या मराठी घरातही रोज दहादा उच्चारला जाणारा कन्नड शब्द. आवाज त्यांचा नव्हता, कुठल्याशा खोल भांड्यातून आल्यासारखा होता, पण शब्द त्यांनी म्हटला होता आणि मी तो त्यांच्या तोंडाकडे न बघता ऐकला होता. मी डाव तसाच हातात धरून खाली बसले. अण्णांनी भातावर आमटी ओतली आणि खाली मान घालून जेवायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा हवा गिळली आणि म्हणाले, "तुझी... आई... असती..." मग पुढचं जमेना म्हणून पाटीवर लिहिलं, ती असती तर म्हणाली असती, ढेकरा काय देताय.

आम्ही दोघंही हसलो. आई गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच.

त्यानंतर शब्द येत गेले, एकेक, दोन-दोन. फोनवर भावाला ते "बरा... आहे" म्हणाले तेव्हा त्यानं ते त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. पण हे सगळं फार दिवस चाललं नाही. त्यांना धाप लागायला लागली. गाठ आता फुप्फुसात होती. डॉक्टरांनी या वेळी चित्र काढलं नाही.

शेवटचे दिवस इस्पितळात गेले. हवा गिळून बोलायला अंगात ताकद लागते, ती राहिली नव्हती. पाटी धरवत नव्हती. पुन्हा फक्त ओठ राहिले. मी रजा घेऊन त्यांच्याजवळ बसायचे. लहान वाक्यं मला आता कळत होती. पडदा सार. भाऊ कधी येतो. पाय दाब. प्रत्येक वेळी मी ते मोठ्यानं म्हणून दाखवायचे, बरोबर ओळखलं का ते बघायला, आणि ते पापण्या मिटून हो म्हणायचे.

एका दुपारी त्यांना जरा हुशारी वाटत होती. खिडकीतून ऊन आलं होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बोलायला लागले. हे लहान वाक्य नव्हतं. ते सलग बोलत होते, आईशी बोलायचे तसं, न थांबता, भुवया हलवत, मधे एकदा किंचित हसत. मी डोळे फाडून त्यांच्या ओठांकडे बघत होते. सुरुवातीला घर असं काहीतरी वाटलं, मग तेही नाही वाटलं. पुढे सगळं निसटत गेलं. ते बोलायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"अण्णा, मला कळलं नाही," मी म्हटलं.

ते पुन्हा बोलले. या वेळी सावकाश. पण सावकाश बोलताना ते तोंड ओढून हलवत होते आणि ते आणखीच कळेना.

"नाही कळलं अण्णा. पुन्हा सांगता?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. छोटं करून सांगितलं असावं, कारण लवकर संपलं. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं, जसं ते वर्गात उत्तर न जमलेल्या मुलाच्या पाठीवर थोपटायचे, आणि डोळे मिटून पडून राहिले. संध्याकाळी त्यांना ग्लानी आली. त्यानंतर ते बोलले नाहीत.

भाऊ पोचला तेव्हा ते गेले होते. सगळं उरकून आम्ही दोघं घरी आलो. पाहुणे आपापल्या घरी गेले होते. त्यानं चहा केला, दोन कप भरले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"शेवटी काही म्हणाले का?" त्यानं विचारलं.

"हो. बरंच काही म्हणाले."

"काय?"

"माहीत नाही."

त्यानं कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "पण म्हणाले ना?"

"म्हणाले," मी सांगितलं.